वेशीपासून बारवेपर्यंत : वाचकांचे प्रश्न, चित्रकाराची उत्तरे

आपल्या गावातील वेस, बारव (पायऱ्यांची विहीर), गढी, देऊळ, दर्गा, बाजारपेठ यांपैकी कशाचेही चित्र काढताना किंवा काढलेले चित्र लोकांपुढे नेताना जी अडचण आली असेल, ती कळवावी, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली. ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील, असे प्रश्न येथे घेतले आहेत. या सदराच्या रीतीप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बीबी का मकबऱ्याची चार जलरंगचित्रे काढली. पाहणारा प्रत्येक जण ‘ताजमहाल छान जमलाय’ असेच म्हणतो. खाली नाव लिहिण्याखेरीज काही उपाय आहे का?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उपाय आहे, पण आधी सांगा, तुम्ही चित्र काढायला बसता कोठे? माझा अंदाज असा की, मुख्य दरवाजातून आत आल्यावर समोर हौदाची रांग आणि तिच्या टोकाला वास्तू दिसते, तेथेच तुम्ही बसला असाल. ताजमहालाची बहुतेक छायाचित्रे नेमकी याच बाजूने घेतलेली असल्यामुळे पाहणाऱ्याचे डोळे ओळखीचा आकार शोधतात आणि सापडला की तेथेच थांबतात. हे साम्य काही योगायोगाने आलेले नाही. मुख्य दरवाजावरील लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावे आहेत, आणि अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे हे घराण्याचेच वळण आहे. तरीही दोन वास्तूंमध्ये जो फरक आहे, तो तुमच्या कागदावर आला पाहिजे.

पहिला फरक प्रमाणाचा आहे. मकबऱ्याचे चार मिनार मधल्या वास्तूच्या मानाने उंच दिसतात आणि मधली वास्तू त्यांच्यात जरा आवळून बसल्यासारखी वाटते. आपण नकळत मिनार बारीक आणि ठेंगणे काढतो, कारण हाताला ताजमहाल पाठ झालेला असतो. पेन्सिल हातभर पुढे धरून घुमट आणि मिनार यांची उंची एकदा मोजा. हा एकच बदल केला, तरी चित्र निम्मे पालटेल.

दुसरा फरक साहित्याचा आहे आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. संगमरवर येथे कमरेइतक्या खालच्या पट्ट्याला आणि वर घुमटाला आहे. मधला सारा भाग आपल्या काळ्या पाषाणाचा असून त्यावर बारीक गिलावा आणि त्यातच उठवलेली नक्षी आहे. त्यामुळे उन्हात घुमट निळसर पांढरा दिसतो, तर भिंत सायीसारखी पिवळट दिसते. पावसाळा सरल्यावर जाल, तर त्या गिलाव्यावरून खाली उतरलेले काळसर ओघळ दिसतील. अनेक जण ते ‘घाण’ म्हणून गाळतात. कृपा करून गाळू नका. कोरा कागद घुमटासाठी राखून ठेवा आणि भिंतीवर यलो ऑकरचा अगदी पातळ वॉश द्या. मग ते ओघळ ओल्यातच सोडा. तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. ताजमहालामागे यमुना आणि मोकळे आकाश आहे, तर आपल्या मकबऱ्यामागे डोंगर आहेत. उन्हाळ्यात ते तांबूस आणि भाद्रपदात हिरवे असतात. डोंगर काढल्यावर चित्राला नावाची पट्टी लावावी लागणार नाही.

एकदा आतही बसून पाहा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची कबर खालच्या पातळीवर आहे आणि वरच्या दालनातील अष्टकोनी मोकळ्या जागेतून वाकून ती पाहावी लागते. तेथे जाळीतून उतरणारा मंद उजेड कोणी मनापासून रंगवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना गावची बारव आणि हेमाडपंती देऊळ काढायला नेले, तर सगळ्यांचे दगड ट्यूबमधल्या काळ्या रंगाने मेल्यासारखे दिसतात. शिवाय उन्हाळ्यात रंग कागदावर टेकताच वाळतो. काय करावे?
– एक शिक्षक, जि. परभणी

उत्तर : आपल्याकडचा दगड बेसाल्ट आहे, आणि आपण त्याला काळा म्हणतो ते सवयीने. कोरडा असताना तो राखाडी-तपकिरी असतो, पाण्याजवळ हिरवट होतो आणि भिजला की मगच खरा काळा दिसतो. मुलांच्या पेटीतील काळी ट्यूब त्या दिवसापुरती काढून घ्या. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू एकमेकांत मिसळून जो गडद रंग तयार होतो, त्यात निळे जास्त पडले तर सावलीतला दगड होतो आणि तपकिरी जास्त पडले तर उन्हातला. एवढे एक मिश्रण शिकवले, तरी वर्षभर पुरते.

वाळण्याबाबत सांगायचे, तर आपल्याकडे वैशाखात पारा बेचाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊनंतर जलरंग उघडूच नयेत. रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकले, तर रंग जरा उशिरा वाळतो. कागद आधी पाठीमागून ओला करून फळीवर चिकटवला, तरी फायदा होतो. लहान ब्रश घेऊन मुले थेंबाथेंबाने रंगवतात आणि प्रत्येक फटकाऱ्याची कड वेगळी वाळते. त्यांना एक तरी मोठा ब्रश द्या.

मात्र बारवेपाशी रंगाच्या आधी मोजणी करावी, असे माझे ठाम मत आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव मी पहिल्यांदा रेखाटली, तेव्हा तासाभरात कागद भरला. पण घरी येऊन पाहिले, तर ती बारव नव्हती, एक बरे दिसणारे गरगरीत भोवरे होते. दुसऱ्या खेपेस कागद न उघडता मी पायऱ्या मोजत खाली उतरलो आणि तसाच मोजत वर आलो. तेव्हा लक्षात आले की, पायरी डोळ्यांच्या पातळीखाली असली की तिचा माथा दिसतो आणि पातळीवर आली की माथा नाहीसा होऊन नुसती कड उरते. शिवाय माणसे वर्षानुवर्षे जेथून उतरली, तेथे दगडाची धार बोथट झाली आहे आणि कडेला ती अजून तशीच आहे. मुलांना पायरीवरून हात फिरवायला सांगा. ज्या पायरीची झीज हाताला लागली, ती कोणीही फूटपट्टीने काढत नाही.

प्रश्न : इंटरनेटवरील एका छायाचित्रावरून मी देवगिरी किल्ल्याचे चित्र काढले आणि त्याच्या प्रती विकल्या. आता मूळ छायाचित्रकार हरकत घेत आहेत. किल्ला तर सर्वांचा आहे. मग चूक काय झाली? नव्या इमारतीचे चित्र काढायलाही परवानगी लागते का?
– एक वाचक, जालना

उत्तर : किल्ला सर्वांचा आहे, पण ते छायाचित्र सर्वांचे नाही. कोणत्या क्षणी, कोणत्या उजेडात आणि कोणत्या कोनातून पाहायचे, हे त्या माणसाने ठरवले आहे, आणि ती त्याची निर्मिती आहे. प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार कलाकृतीवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यांच्याशी बोलून घ्या, झालेल्या विक्रीतील वाटा द्या आणि पुढच्या प्रती थांबवा. मोठ्या रकमेचा वाद झाला, तरच वकिलाकडे जा. बहुतेक वेळा प्रामाणिक फोन पुरतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सवलत आहे की, वास्तूचे चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र करणे आणि ते प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नाही. सार्वजनिक जागी कायमच्या उभारलेल्या शिल्पालाही ही सवलत लागू आहे. म्हणून जुन्या किल्ल्याइतकेच नव्या बसस्थानकाचे चित्रही तुम्ही निर्धास्तपणे काढू शकता. आणि तुमच्या स्वतःच्या चित्रावरचा हक्क चित्र पूर्ण होताच तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. एखादा व्यापारी दिनदर्शिकेसाठी चित्र मागत असेल, तर ‘एका वर्षासाठी, एवढ्या प्रती, एवढे मानधन’ अशा चार ओळी कागदावर लिहून सही घ्या. ओळखीतला माणूस असेल, तर नक्की घ्या.

प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याला बसून रेखाटन करता येते का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : वही मांडीवर घेऊन पेन्सिलीने रेखाटणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही. तिपाईवर कॅमेरा लावायचा असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरू नका आणि पाण्याचे भांडे भिंतीजवळ नेऊ नका. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, तेवढे पाहून निघा.

प्रश्न : आमच्या गावाला जुनी दगडी वेस आहे. तिच्यावर गावाचा इतिहास ऑइलपेंटने रंगवावा, असा आमच्या तरुण मंडळाचा विचार आहे. वर्गणी जमली आहे. विषय आणि रंग सुचवावेत.
– तरुण मंडळाचे कार्यकर्ते, जि. बीड

उत्तर : वर्गणी जमवून गावाच्या वेशीचा विचार करणारी मुले आज आहेत, हे वाचून मला फार बरे वाटले, आणि म्हणूनच अगदी स्पष्ट लिहितो : वेशीवर रंग लावू नका.

जुनी वेस दगड आणि चुना यांची असते. पावसात ती पाणी पिते आणि उन्हात ते बाहेर टाकते. त्यावर ऑइलपेंटचा पापुद्रा चढवला की आत गेलेले पाणी अडते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत रंग सुटतो तो दगडाची वरची कातडी घेऊनच. घडवणाऱ्याच्या छिन्नीच्या खुणा त्या कातडीतच असतात आणि एकदा गेल्या की परत येत नाहीत. काही ठिकाणी देवळाच्या खांबांवर सोनेरी रंग चढवलेला मी पाहिला आहे; तो काढता काढता खांबावरच्या मूर्तींचे चेहरे गेले. तुमची वेस केंद्र किंवा राज्य शासनाच्या संरक्षित यादीत असेल, तर हा गुन्हाही ठरतो. केंद्रीय संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुमचे चित्र मात्र झालेच पाहिजे. त्यासाठी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची सिमेंटची भिंत घ्या, तिच्यावर बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अ‍ॅक्रिलिक रंग वापरा, आणि विषय म्हणून त्याच वेशीचे मोठे चित्र काढा. वेशीच्या कमानीवर झाडे उगवली असतील, कोनाड्यात दिवा लागत असेल, उजव्या हाताला हनुमान असेल. ते सारे त्यात येऊ द्या. वर्गणीतून उरलेल्या पैशांत कमानीत रुजलेला पिंपळ जाणकाराच्या देखरेखीखाली काढून घ्या. नुसता ओढून काढू नका. मुळांबरोबर दगड निघतात.

प्रश्न : मी मूळचा लातूरचा, नोकरीला पुण्यात आहे. तिथल्या गंजगोलाई बाजारपेठेची माझी चित्रे इन्स्टाग्रामवर चांगली चालतात. पण लातुरात त्यांची दखल कोणी घेत नाही. याचे वाईट वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची पाठवलेली तिन्ही चित्रे पाहिली. रेषा सफाईदार आहे, याबद्दल शंका नाही. पण तिन्ही चित्रे आकाशातून काढलेली आहेत : मधली गोल इमारत, जगदंबेचे देऊळ आणि चहूकडे फुटणारे १६ रस्ते. ड्रोनला दिसणारी गंजगोलाई हीच. लातूरचा माणूस ती अशी कधीच पाहत नाही. त्याच्यासाठी ती सराफाची पायरी, मिरचीच्या ढिगाशी येणारा ठसका, गुळाच्या ढेपांवरच्या माश्या आणि चपलांच्या दुकानाबाहेर टांगलेले जोड अशी आहे. त्याला तुमच्या चित्रात आपले दुकान सापडत नाही. मग त्याने दखल कशाची घ्यावी?

पुढच्या सुट्टीत एका दुकानाच्या ओट्यावर बसण्याची परवानगी मागा आणि त्या ओट्यावरून दिसणारी एकच बोळ काढा. काढून झाल्यावर ती आधी दुकानदाराला दाखवा. तो म्हणेल, ‘फळीवरचं नाव चुकलंय’ किंवा ‘आमचं शटर हिरवं आहे’. ते दुरुस्त करा आणि मगच चित्र इतरांना पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर रेषा फाटतात. खाली मराठीत जागेचे नाव, रस्ता आणि वेळ लिहा. पोस्टकार्डाच्या आकाराच्या प्रती स्थानिक छापखान्यात काढून त्याच दुकानांत ठेवायला द्या, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या भिंतीवर आठवडाभर मूळ चित्रे लावा. तेथे वर्तमानपत्र वाचायला रोज येणारे पेन्शनर हे तुमचे खरे परीक्षक आहेत.

मूळ चित्र देऊन टाकण्याआधी किंवा विकण्याआधी किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हे मी प्रत्येकाला बजावतो, कारण आपल्याच भागातील उदाहरण डोळ्यांपुढे आहे. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रती केल्या, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्यांतील कित्येक चित्रेही १८८५ च्या आगीत गेली. भिंतीवरचा तो रंग त्या काळात जसा दिसत होता, तसा आता दिसत नाही. म्हणजे जे जळाले, ते पुन्हा काढता येण्याजोगे नव्हते.

प्रश्न : आमचे गाव १९९३ च्या भूकंपात गेले. मी तेव्हा सात वर्षांची होते. आता आम्ही नव्या जागी वसवलेल्या गावात राहतो. आई अंगणात बोटाने रेघा ओढून ‘इथं वाडा, इथं पार, इथं आड’ असे दाखवते. जुन्या गावाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आईच्या सांगण्यावरून मी गावाचे चित्र काढले, तर ते खोटे ठरेल का?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. तुमच्या आई अंगणात बोटाने जे काढतात, ते चित्रच आहे. तुम्हाला ते फक्त टिकणाऱ्या कागदावर आणायचे आहे. ते खोटे ठरणार नाही. मात्र काही काळजी घ्यावी लागेल.

सुरुवात दृश्याने करू नका, नकाशाने करा. मोठा कागद जमिनीवर पसरा आणि आईंना वरून दिसणारी मांडणी सांगू द्या : वेस कोठे, पाराचे तोंड कोणीकडे, आडावर जायची बोळ किती अरुंद. अंतरे मीटरमध्ये विचारू नका. ‘घागर घेऊन किती वेळ लागायचा’, ‘पारावरून हाक मारली तर घरात ऐकू यायची का’ असे विचारा; या प्रश्नांना लोक नेमकी उत्तरे देतात. मग तोच कागद न दाखवता गावातील आणखी तीन-चार वडीलधाऱ्यांना वेगवेगळे बसवून विचारा. जेथे सगळ्यांचे जुळेल, तेथे शाईची रेघ ओढा. जेथे मतभेद असतील, तेथे पेन्सिलीची रेघ तशीच फिकी ठेवा आणि ती खोडू नका. पाहणाऱ्याला कळू द्या की, कोणती भिंत सर्वांना आठवते आणि कोणती एकालाच.

मग घरे. त्या भागातील जुनी घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची आणि वर माळवद असलेली होती. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या (लाकडाच्या पट्ट्या) आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्यामुळेच घर गार राहायचे. पहाटेच्या त्या भूकंपात तेच ओझे झोपलेल्या माणसांवर आले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते आणि गाव थकून झोपले होते. तुम्ही घर काढाल, तेव्हा माळवदाची ती जाडी पातळ करू नका. सरळ छपराचे नाजूक घर काढले, तर तुमच्या आईंनाच ते ओळखू येणार नाही. दाराशेजारची देवळी, भिंतीतला खुंटा, माळवदावर चढायचा जिना हे विचारून विचारून काढा.

जुन्या गावठाणाच्या जागी जाता येत असेल, तर आईंना घेऊन जा. घरे नाहीत, तरी कडुनिंब किंवा पिंपळ उभा असतो, आडाचे कठडे दिसतात, आणि एवढ्या आधाराने बाकीच्या जागा लोकांना पटापट आठवतात. त्या दिवशी रंग नेऊ नका, वही न्या. आई गप्प बसल्या, तर तुम्हीही लिहू नका.

ढिगाऱ्याचे चित्र काढायचे की नाही, हा निर्णय तुमचा आहे. मला विचाराल, तर काढू नका. ती छायाचित्रे वर्तमानपत्रांनी तेव्हा भरपूर छापली. आदल्या दिवशीचे गाव कोणाकडे नाही. एखाद्या घरावर गेलेल्या माणसांची नावे लिहायची असतील, तर त्या घरातील जे आज आहेत, त्यांना आधी विचारा आणि ते नको म्हणाले, तर जागा कोरी ठेवा.

चित्र पूर्ण झाल्यावर ते काचेत घालण्याची घाई नको. ३० सप्टेंबरला गावात लोक जमत असतील, तर त्या दिवशी ते ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर खालच्या उंचीवर लावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना खुर्चीवर बसून पाहता येईल. शेजारी दोरीला बांधून एक पेन्सिल ठेवा. कोणी येऊन ‘आमच्या दारात शेवगा होता’ म्हणाले, तर त्यांच्याच हाताने तो काढू द्या.